आता औषध नाही, मीच बोलते

६ फेब्रुवारी

दवाखान्यात दुसऱ्या मजल्यावर एक बाई बसतात. लोकांच्या मनात काय आहे ते विचारायचा त्यांना पगार मिळतो. त्यांनी सांगितलं, रोज थोडं लिहीत जा. मी म्हटलं, माझी शाळा तिसरीत सुटली, जोडाक्षर आलं की अजून धाप लागते. तर म्हणाल्या, "चुकलं तरी चालेल, हे फक्त तुमच्यासाठी आहे." म्हणजे चुका करायला मी आणि वाचायलाही मीच. दुसऱ्या कोणाला त्रास नको.

तर आज पहिला बिनसुईचा शुक्रवार. वर्षभर दर शुक्रवारी पोटात इंजेक्शन आणि रोज सकाळ-संध्याकाळ गोळ्या चालल्या होत्या. मागच्या आठवड्यात शेवटचं घेतलं. आजाराचं नाव हिपॅटायटिस सी. नाव एवढं लांबलचक की पूर्ण सांगेपर्यंत समोरचा खुर्ची मागे सरकवून मोकळा होतो. कधीकाळी ऑपरेशनात मला रक्त चढवलं होतं, त्यातून शिरला असावा असं डॉक्टर म्हणतात. तेव्हापासून माझ्या यकृतात राहतोय, भाडं न देता.

आता सहा महिने थांबायचं. मग रक्त तपासायचं. त्यात तो सापडला नाही तर कायमचा गेला. सापडला तर वर्ष पाण्यात. तोवर मी बरी आहे का आजारी, हे देवालाही विचारून उपयोग नाही.

एक मात्र ठरवलंय. तपासणी होईपर्यंत शिलाई मशीनला हात लावायचा नाही. शिवणाऱ्या बाईच्या बोटाला कुठे ना कुठे टोचतंच, आणि हा आजार रक्तातून जातो. उद्या कुणाच्या बाळाच्या झबल्याला माझा थेंब लागला तर?

८ फेब्रुवारी

या औषधाने माणूस चिडका होतो असं डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं. आमच्या मुलाने ते वाक्य दाराच्या पाटीसारखं लावून ठेवलं. मी गिऱ्हाइकाला काही बोलले की हा मागून हळूच, "मनावर घेऊ नका, औषध बोलतंय." मी त्याच्या बायकोला बोलले, औषध बोलतंय. मी त्याला स्वतःला गाढव म्हटलं तर माझ्या पाठीवरून हात फिरवायला आला. मी म्हटलं, "दूर हो. गाढव तू आधीपासून आहेस, औषध आत्ता सुरू झालंय."

वर्षभर मला उलट शब्द म्हणून कोणी बोललं नाही. भांडायला माणूस उरलं नाही घरात. सून तर नुसतं "बरं" म्हणते. तिचं बरं म्हणजे दाराला आतून लावलेली कडी.

२० फेब्रुवारी

आज शुक्रवार. दुपारी अंगात थंडी भरली, दात वाजले, हाडं दुखली. थर्मामीटर लावला तर ताप नाही. इंजेक्शन बंद झालंय हे अंगाला कोणी कळवलेलं दिसत नाही.

सून गरम पाण्याची पिशवी घेऊन दारात उभी होती. मी काही बोलायच्या आत पायाशी ठेवून गेली. जवळ थांबेल कशाला? लागण होईल ना.

३ मार्च

आमचं दुकान म्हणजे घराची रस्त्याकडची खोली. काउंटर, कापायचं टेबल, आरसा आणि माझं पायमशीन. मी आजारी पडल्यावर सुनेने ते ताब्यात घेतलं. आधी मोबाइलच्या दुकानात होती, थंडगार हवेत, काचेमागे, कपाळाला घाम नाही. ते सोडून इथे उसवलेल्या पँटी घेऊन बसली. दुकानावर डोळा असल्याशिवाय कोण असं करेल?

आज तिने मशीनला मोटर बसवून घेतली. पायाने चालवायला नको, नुसतं दाबलं की सुरू. मी आतूनच आवाज ऐकला. भुंगा कानात शिरल्यासारखा. म्हटलं, "पाय झिजले वाटतं तुझे?"

"नाही आई. तुमच्या पायात जोर राहिलेला नाही ना, म्हणून."

"मी कुठे बसतेय मशीनवर?"

"बसाल तेव्हा."

बघा. स्वतःचा आळस आणि नाव माझ्या पायांचं.

४ मार्च

स्टुलावरची माझी गादीही उचलली तिने. वर्षानुवर्षं बसून बसून तिला माझा आकार आला होता. धुऊन, वर स्वच्छ कापड शिवून, फडताळात ठेवली आहे. स्वतः नुसत्या लाकडावर बसते. माझ्या गादीची एवढी किळस!

१९ मार्च

दुकानातून हाक आली, "आई, बोट टोचलं, पांढऱ्या शर्टावर रक्त पडलंय, काय करू? पाणी लावू?"

मी आतूनच ओरडले, "पाणी लावलंस तर पसरेल. थुंक त्यावर."

"शी!"

"शी काय? ज्याचं रक्त त्याची थुंकी. दुसऱ्याची नाही चालत. थुंक, बोटाने चोळ, सुक्या कापडाने टीप."

दुकानातून थू ऐकू आलं. मग, "अय्या, डाग गेला की!" मोबाइलच्या दुकानात हे शिकवत नसावेत.

वर्षभरात पहिल्यांदा कोणी मला कामाचं विचारलं. म्हणून काही मी हुरळले नाही. जेवण जरा जास्त गेलं, ते वेगळं.

२ एप्रिल

लिहिण्यासारखं काही नाही. झोपले, उठले, थकले. थकायला मध्ये काही केलं नव्हतं.

११ एप्रिल

समोरच्या इस्त्रीवाल्याच्या बायकोने विचारलं, "लिव्हरचं होतं म्हणे तुम्हाला? पण तुम्ही तर कधी घेताना दिसला नाहीत." म्हणजे दारू. मी म्हटलं, "दुकान बंद करून घ्यायचे." तिचा चेहरा असा उजळला की मला पुण्य लागलं असेल. गल्लीला महिनाभर पुरेल.

सून ऐकत होती. हसू दाबायला तिने तोंडात टाचण्या धरल्या. तोंडात टाचण्या धरायची सवय माझी. तीही उचलली.

२७ एप्रिल

केस यायला लागले. औषधाने गेले तेव्हा मूठमूठ गेले, आता येताहेत ते पिल्लाच्या पिसांसारखे. आमची नात सात वर्षांची. दिवसभर तोंड चालू, म्हणून मी तिला भुणभुण म्हणते. ती आज मागून आली आणि डोक्यावर हात फिरवून म्हणाली, "आजी, तू मऊ झालीस."

मी तिला ढकललं. "लांब हो. नखं बघ तुझी, ओरखडा उठेल."

"मग काय होईल?"

"रक्त येईल."

"मग?"

"मग तुझं डोकं! जा अभ्यास कर."

तिच्या आईला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने रडली. सून आली. नेलकटर आणून तिथेच जमिनीवर बसून पोरीची नखं कापली. एकेक, अगदी खोलवर. मग म्हणाली, "जा आता आजीकडे."

मी उठून बाथरूममध्ये गेले. मला काय, तेव्हाच जायचं होतं.

या घरात वर्षभर मला कोणी जवळ घेतलं नाही. मी कोणाला काही म्हटलंय का त्याबद्दल?

९ मे

माझा कप वेगळा आहे. पहिल्याच दिवशी मीच कानाला लाल दोरा गुंडाळून ठेवलाय, चटकन ओळखू यावा म्हणून. चांगला दुहेरी गाठीचा. आज बघते तर दोरा गायब! सून म्हणाली, घासताना निघाला असेल. दुहेरी गाठ घासताना निघते? लोकांना दिसलं तर तिलाच बोलतील, सासूचा कप वेगळा ठेवते म्हणून, हे न कळायला मी काही दूधखुळी नाही.

मी नवा दोरा बांधला. आता तिहेरी गाठ.

१२ जून

आज कमालच झाली. सून दुकानातून दमून आली, चहा ओतला आणि लाल दोऱ्याच्या कपातून प्यायला लागली. मी किंचाळले, "अगं, तो माझा कप!"

"माहीत आहे," ती म्हणाली. आणि पीत राहिली.

"डॉक्टरांनी सांगितलंय..."

"डॉक्टरांनी तीनदा सांगितलंय की कपाने काही होत नाही. ब्लेड, नेलकटर, टूथब्रश, एवढंच वेगळं. मी तिन्ही वेळा तिथेच होते, आई."

कप खळखळून धुतला, दोऱ्यासकट परत जागेवर ठेवला आणि मशीनवर जाऊन बसली. इतकं अंगावर काटा आणणारं माणूस मी पाहिलं नाही. तिला काही झालं तर पोरीचं कोण करेल? मला विचारलं का?

दिवसभर तिचे डोळे पिवळे पडतात का ते बघत राहिले. पांढरे आहेत. थकलेले आहेत, पण पांढरे.

३ जुलै

कॉलर लावायला हिला जन्मात जमणार नाही. टोकं अशी येतात जशी दोन भावांची तोंडं, एक इकडे, एक तिकडे. आज स्वतः शर्ट घेऊन माझ्या खाटेशी आली. "आई, एकदा दाखवता?"

"तपासणी होऊ दे."

"हाताने नका करू. तोंडाने सांगा."

"तोंडाने कॉलर लागत असती तर मी एव्हाना अख्ख्या गावाला लावली असती."

"बरं," म्हणून गेली. मला वाटलं, निदान एकदा तरी म्हणेल, म्हातारे, नखरे पुरेत. पण नाही. मी काच आहे ना. तडकेन.

३१ जुलै

रक्त दिलं. नर्सने हातमोजे घालून घेतलं. मी म्हटलं, "पोरी, जपून." म्हणाली, "आजी, मी सगळ्यांचंच मोजे घालून घेते." म्हणजे त्यातही माझं काही विशेष नाही.

रिपोर्टला आठवडा लागेल. माझ्या पोटात काहीतरी घट्ट बसलंय. तिथे यकृत नाही, मी विचारलंय.

७ ऑगस्ट

गेला. आजार गेला.

डॉक्टरांनी कागद दाखवला. त्यांचं अक्षर मला कळत नाही आणि छापील आकडेही नाहीत. म्हणून त्यांच्या तोंडाकडे बघितलं. ते हसत होते. "आजी, रक्तात विषाणू नाही. यकृत तपासायला अधूनमधून येत राहा. बाकी घरी जा, मशीनवर बसा, नातीला जवळ घ्या."

मी विचारलं, "आणि आता मी चिडले तर?"

"तर ते तुमचंच, आजी. औषधाचा अंमल केव्हाच उतरला."

बाहेर मुलगा रडायला लागला. एवढा बाप्या, पार्किंगमध्ये. सुनेने त्याला पाणी दिलं, मग मला, मग स्वतः प्यायली. तिघंही एकाच बाटलीतून. मला वाटलं आता मलाही काहीतरी होईल. आनंद वगैरे. काही झालं नाही. आनंद कुठेतरी ठेवलाय आणि सापडत नाहीये, चष्म्यासारखा.

८ ऑगस्ट

सकाळी उठून बघते तर स्टुलावर माझी गादी. मोटरची वायर नीट गुंडाळलेली. टेबलावर सुई ओवलेली, शेजारी पांढरा शर्ट आणि सुटी कॉलर. सून बाजूला उभी, हात मागे बांधून, शाळेत बक्षीस मिळणार असल्यासारखी.

मी म्हटलं, "आज पाठ दुखतेय."

"बरं," ती म्हणाली.

१४ ऑगस्ट

पाठ.

१७ ऑगस्ट

डोळे.

२१ ऑगस्ट

शुक्रवारची थंडी आजही आली. रिपोर्टची एक प्रत अंगाला चिकटवावी म्हणते.

दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंकडे गेले. सांगितलं, आजार गेलाय पण बसावंसं वाटत नाही. विचारतात, "कशाची भीती वाटते?" मी म्हटलं, "भीती मला? मी नवरा गेल्यावर हे दुकान एकटीने चालवलंय, भाडं वसूल करायला आलेल्या गुंडाला कात्री दाखवून हाकललंय." त्या काही लिहीत होत्या. मी म्हटलं, "लॅबवाल्यांनी बाटल्या बदलल्या असतील तर? दुसऱ्या कोणाचं चांगलं रक्त माझ्या नावावर लागलं असेल तर?" तर त्यांनी पेनच खाली ठेवलं. "आजी, पुन्हा तपासलं आणि पुन्हा चांगलंच आलं तर बसाल?"

मी म्हटलं, "तुमची फी वाढली का?"

घरी येताना लाल दोऱ्याचं नवं रीळ घेतलं. जुना दोरा फिका पडला होता.

२६ ऑगस्ट

आज झालं ते लिहून टाकते.

सकाळी मशीनचा भुंगा चालू होता. अचानक थांबला आणि सून एकदाच, अगदी बारीक आवाजात म्हणाली, "आई." नेहमी हाक मारते तशी नव्हती ती. मी धावले. मी, जी बाथरूमपर्यंत भिंत धरून जाते.

मशीनची सुई तिच्या तर्जनीत. नखातून आत, पार खालपर्यंत. बोट मशीनला टाचलेलं. मोटर पुढे पळाली, तिचा पाय दाबलेलाच राहिला. तोंडावर रक्ताचा थेंब नाही आणि कॉलरवर मात्र पसरत चाललेलं.

"हलू नकोस. ओढायचं नाही. ओढलंस तर सुई आत मोडेल."

मोटरचं बटण बंद केलं. एका हाताने तिचं मनगट दाबून धरलं, टेबलावर घट्ट. दुसऱ्या हाताने चाक मागे फिरवलं. हळू. या मशीनचं चाक कुठे अडतं ते मला डोळे मिटून माहीत आहे. तिथे जरा थांबायचं, मग पुढे. सुई वर आली, अख्खी. बोट सुटलं तशी तिने कपाळ माझ्या खांद्यावर टाकलं. मी बोट मुठीत आवळलं आणि धरून ठेवलं. कितीतरी वेळ. माझ्या बोटांच्या फटींतून तिचं रक्त येत होतं.

मला सुचत नव्हतं म्हणून म्हटलं, "कॉलर वाया घालवलीस."

"थुंकू का?" ती म्हणाली. डोळ्यांत पाणी आणि विचारतेय काय, तर थुंकू का.

"एवढ्याला तुझ्या माहेरच्या सगळ्यांना बोलवावं लागेल."

ती हसली. मग तिला चक्कर आली. मग मुलगा आला, तिला दवाखान्यात नेलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. हाड वाचलं. इंजेक्शन तिला, आणि घरी येऊन मलाच विचारते, "आई, तुम्ही ठीक आहात ना?"

हात धुताना लक्षात आलं, मी तिला धरलं होतं. तिचं उघडं बोट, माझी मूठ. आधी माझ्या हाताला कुठे चीर आहे का, तेसुद्धा बघितलं नव्हतं. मग बघितलं. नव्हती. असती तरी सुई तशीच काढली असती, दुसरं कोण होतं तिथे?

२८ ऑगस्ट

सुनेच्या बोटाला भलामोठा पांढरा बोळा. म्हणजे एका हाताने काम, म्हणजे गिऱ्हाईक पळणार. नाइलाज म्हणून मी मशीनवर बसले. गादीचं कापड नवं असलं तरी आतला आकार माझाच आहे.

मोटर बरी आहे. पायाला खरंच ताण नाही. हे मी तिला सांगणार नाही.

सुईत दोरा जाईना, डोळे खरंच गेलेत. टोक ओठात धरून ओलं केलं, पिळलं, तरी जाईना. सून शेजारी आली. माझ्या हातातून दोरा घेतला, तेच ओलं टोक स्वतःच्या ओठांत धरलं, चपटं केलं आणि डाव्या हाताने एका झटक्यात ओवून दिला. मी बघतच राहिले.

"काय?" ती म्हणाली.

"काही नाही. डाव्या हाताने बरं जमतं तुला."

३० ऑगस्ट

भुणभुण माझ्या मांडीवर बसून बटणं निवडत होती. नखं वाढली होती तिची. सांगायचं राहून गेलं.

४ सप्टेंबर

आज हाताने तुरपाई करत होते. पांढरा शर्ट, कॉलरची आतली कड. आणि टोचलं. अंगठ्याला. किती दिवसांनी. मी बोट उचलायच्या आत कापडावर थेंब उतरला. माझा. मसुराएवढा, लालभडक.

माझे हात जागच्या जागी थांबले. थेंबाच्या कडेने कापड प्यायला लागलं. भुणभुण शेजारीच बसली होती. मला तिला लांब हो म्हणायचं होतं, पण तोंडातून आवाज निघेना. मला, आणि आवाज निघेना.

सून टेबलावर खडूने रेषा मारत होती. तिने एकदा बघितलं. शर्टाकडे, माझ्याकडे. खडूसुद्धा खाली ठेवला नाही.

"थुंका त्यावर, आई. पाणी नका लावू, पसरेल."

मी तशीच.

"अहो थुंका. तुमचंच आहे, तुम्हालाच थुंकावं लागणार. माझी थुंकी चालत नाही म्हणून तुम्हीच सांगितलंत."

मी थुंकले. बोटाने चोळलं. सुक्या कापडाने टिपलं. डाग गेला. अंगठ्याला पट्टी लावली, सुई परत हातात घेतली.

सून जवळ आली. कॉलर उचलून उजेडाकडे धरली, मान वाकडी करून बघितली आणि म्हणाली, "डावं टोक खाली गेलंय. उसवा आणि परत लावा. एवढा वेळ लावून हे असलं करायचं असेल तर मीच बरी होते."

मी म्हटलं, "जरा तोंड सांभाळून बोल."

"का? आता काय औषध चालू आहे तुमचं?"

टोक खाली गेलेलं नव्हतं. चांगलं सरळ दोरीत होतं. मी तिला तसं सांगितलं. तिने मला उलट सांगितलं. मी आवाज चढवला, तिने माझ्यापेक्षा चढवला. इस्त्रीवाल्याची बायको दारात येऊन उभी राहिली. भुणभुणने कानात बोटं घातली. जेवायची वेळ टळून गेली, तरी आम्ही भांडतच होतो.

शुक्रवार होता. थंडी वाजायची राहूनच गेली.